सीसीएनए २००-३०१: सबनेटिंगच्या पहिल्या गणितापासून परीक्षेच्या खुर्चीपर्यंत

सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. तिच्या पेपरात मागे जायची सोय नाही. ‘नेक्स्ट’ दाबलं की तो प्रश्न कायमचा गेला. अवघड प्रश्नाला खूण करू, शेवटी वेळ उरला तर बघू, ही शाळा-कॉलेजात अंगवळणी पडलेली सवय इथे कामाची नाही. सगळी तयारी या एका नियमाभोवती बांधावी लागते. सबनेट (मोठ्या नेटवर्कचा छोटा तुकडा) काढायला दोन मिनिटं लागत असतील किंवा व्हीलॅनची (एकाच स्विचवर केलेल्या वेगळ्या नेटवर्कची) कमांड आठवायला थांबावं लागत असेल, तर विषय नीट समजलेला असूनही घड्याळ हरवतं. अडकणाऱ्या बऱ्याच जणांचा अभ्यास भरपूर झालेला असतो, पण तो वाचण्या-बघण्यापुरता. हाताने जोडलेलं आणि मुद्दाम मोडून दुरुस्त केलेलं फार थोडं असतं.

आधी परीक्षेची नीट ओळख

सिस्कोच्या या परीक्षेचा कोड २००-३०१. ती २४ फेब्रुवारी २०२० पासून सुरू आहे आणि ऑगस्ट २०२४ पासून अभ्यासक्रमाची १.१ ही आवृत्ती लागू झाली. वेळ १२० मिनिटं, पेपर इंग्रजीत, आयोजन पिअर्सन व्हीयूई या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे. फी ३०० डॉलर. भारतात त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ३५४ डॉलर होतात, त्यामुळे ‘बघू तरी कसा असतो पेपर’ म्हणून जाऊन येण्यासारखी ही परीक्षा नाही. तुमच्या कॉलेजात सिस्को नेटवर्किंग अकॅडमी चालत असेल तर सवलतीच्या व्हाउचरची चौकशी पैसे भरण्याआधी करा.

अभ्यासक्रमाचे सहा भाग आणि त्यांचं वजन असं: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १० टक्के, सिक्युरिटीची मूलतत्त्वं १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. पहिल्या तीन भागांतच ६५ टक्के पेपर आहे. पास व्हायला किती गुण लागतात ते सिस्को जाहीर करत नाही. ८२५ हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यावर हिशोब बांधू नका.

प्रश्न तीन तऱ्हांचे येतात. पर्याय निवडायचे, जोड्या ओढून लावायच्या, आणि लॅबचे. लॅबमध्ये समोर नेटवर्कची आकृती असते, करायच्या कामांची यादी असते आणि राउटर-स्विचची कमांड लाइन उघडी असते. तिथे पर्याय नसतात. जे हातात असेल तेवढंच उपयोगी पडतं.

सिस्कोच्या साइटवरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून छापून घ्या. प्रत्येक ओळीतलं क्रियापद बघा. ‘डिस्क्राइब’ किंवा ‘एक्सप्लेन’ असेल तर समजून घेतलेलं पुरतं. ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’ असेल तर ते काम कोऱ्या डब्यावर (राउटर किंवा स्विचवर), नोट्स न बघता, हाताने जमलं पाहिजे. या दुसऱ्या प्रकारच्या ओळी रंगवून ठेवा. तीच तुमच्या लॅबची यादी.

वेळापत्रक

नोकरी सांभाळून रोज दीड तास आणि रविवारी तीन-चार तास देणाऱ्याने चार महिने धरावेत. नेटवर्कवरच काम करत असाल तर अडीच महिन्यांत होतं. मुख्य अभ्यासासाठी एकच पुस्तक किंवा एकच व्हिडिओ मालिका निवडा आणि ती शेवटपर्यंत न्या. तीन मालिका अर्ध्या-अर्ध्या बघितल्या की व्हीलॅन तीनदा होतं आणि वायरलेस, आयपीव्ही६, ऑटोमेशन एकदाही होत नाही.

तारीख पहिल्याच दिवशी घेऊ नका, ‘तयारी पूर्ण झाल्यावर’ यासाठीही थांबू नका, कारण तो दिवस उगवत नाही. मुख्य मालिका दोन-तृतीयांश झाली आणि रंगवलेल्या ओळींपैकी निम्मी कामं नोट्सशिवाय जमायला लागली, की पुढच्या पाच-सहा आठवड्यांतली तारीख घ्या.

सबनेटिंग: रोज दहा गणितं, तीन आठवडे

हा भाग पहिल्या दिवसापासून सुरू करा आणि परीक्षेपर्यंत सोडू नका. बायनरी समजण्यापुरती करा. नंतर ब्लॉकच्या पद्धतीने सोडवा. एक गणित पूर्ण करून पाहू.

पत्ता १७२.१६.४५.१४/२१. नेटवर्क कोणतं, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) कोणता?

/२१ म्हणजे नेटवर्कचे २१ बिट: पहिल्या दोन ऑक्टेटचे (टिंबांमधल्या ८-८ बिटांच्या आकड्यांचे) १६ बिट पूर्ण आणि तिसऱ्यातले ५. पाच बिटांचा मास्क २४८. आता २५६ वजा २४८, म्हणजे ८. हा ब्लॉक. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये आठाचा पाढा म्हणा: ०, ८, १६, २४, ३२, ४०, ४८. आपला ४५ हा ४० आणि ४८ यांच्या मध्ये. म्हणून नेटवर्क १७२.१६.४०.०. पुढचं नेटवर्क ४८ पासून सुरू होतं, त्याच्या एक आधीचा पत्ता ब्रॉडकास्ट: १७२.१६.४७.२५५. वापरण्याजोगे पत्ते १७२.१६.४०.१ ते १७२.१६.४७.२५४. होस्टचे बिट ११ उरले. दोनाचा अकरावा घात २०४८, त्यातून दोन वजा, २०४६. वाइल्डकार्ड मास्क (मास्कचा उलटा) हवा असेल तर ब्लॉकमधून एक वजा: ०.०.७.२५५.

सुरुवातीला याला तीन-चार मिनिटं लागतात. तीन आठवड्यांनी ४० सेकंदांच्या आत यायला हवं. हमखास चूक होते ती चुकीचा ऑक्टेट धरण्यात. /२१ बघून हात आपोआप चौथ्या ऑक्टेटकडे जातो आणि १४ वर गणित सुरू होतं. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच विचारा: मास्क कोणत्या ऑक्टेटमध्ये मोडतो? ८ पर्यंत पहिला, १६ पर्यंत दुसरा, २४ पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा.

लॅब: जोडा, मग मोडा

सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर खातं उघडून फुकट मिळतं आणि या परीक्षेसाठी पुरतं. जुने राउटर विकत घेऊन घरात रॅक उभारायची गरज नाही.

दोन राउटर, दोन स्विच, चार पीसी एवढी एकच आकृती घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा कोऱ्यापासून उभी करा. होस्टनेम, पासवर्ड, एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन), दोन व्हीलॅन, मधला ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी एकच जोडणी), राउटरवर सबइंटरफेस (एका पोर्टचे व्हीलॅनवार भाग), डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणं), दोन राउटरांमध्ये ओएसपीएफ (एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत), बाहेर जायला नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं), शेवटी एक ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचं त्याची यादी). पहिल्यांदा दोन तास लागतील. अर्ध्या तासात होऊ लागलं की मोडायला घ्या, कारण खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

ट्रंकवरची एक चूक जवळून बघू. ट्रंकवरून व्हीलॅन १० आणि २० आधीच जात आहेत आणि काम सांगतं, ३० ला पण परवानगी द्या. घाईत टाइप होतं:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

स्विच एका शब्दाने तक्रार करत नाही. पण या कमांडने यादीत भर पडली नाही, अख्खी यादी बदलली. आता फक्त ३० जातंय. १० आणि २० बंद. बरोबर कमांड अशी:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०

‘ॲड’ हा एक शब्द. खऱ्या कंपनीत हीच चूक अर्धी इमारत बंद पाडते. म्हणून ट्रंकला हात लावण्याआधी आणि नंतर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ बघायची सवय बोटांना लावून घ्या.

पॅकेट ट्रेसरमध्ये आणखी काय मोडून बघायचं: ट्रंकच्या एका टोकाचं नेटिव्ह व्हीलॅन बदला आणि कन्सोलवर येणारा मिसमॅचचा संदेश वाचा. इथरचॅनेलची (अनेक तारांच्या मिळून केलेल्या एका जोडणीची) दोन्ही टोकं ‘पॅसिव्ह’ ठेवा. ही जोडणी ठरवणाऱ्या एलएसीपी प्रोटोकॉलमध्ये निदान एक बाजू ‘ॲक्टिव्ह’ लागते, दोघेही समोरच्याची वाट बघत बसले तर चॅनेल उभं राहत नाही. सबइंटरफेसवर ‘एनकॅप्स्युलेशन डॉट१क्यू’ आधी न देता आयपी द्यायचा प्रयत्न करा; राउटर नाकारतो. एसएसएचसाठी डोमेन नेम न देता आरएसए की तयार करून बघा. नॅटमध्ये ‘इनसाइड’ आणि ‘आउटसाइड’ उलटे लावा, मग ‘ओव्हरलोड’ (अनेकांना एकच पत्ता वापरू देणारा शब्द) विसरा. दुसऱ्या वेळी बाहेरचा पत्ता पहिल्याच पीसीला मिळतो आणि बाकीचे ताटकळतात. ॲक्सेस लिस्टच्या शेवटी न दिसणारा ‘डिनाय एनी’ असतो, तो विसरून फक्त एक ‘परमिट’ लिहा आणि काय काय बंद पडलं ते मोजा.

ओएसपीएफला सगळ्यांत जास्त वेळ द्या. शेजारी राउटर नेबर म्हणून का दिसत नाही, हा प्रश्न नाना रूपांत येतो आणि कारणं मोजकीच असतात. एरिया वेगळा, मास्क वेगळा, हॅलो-डेड टायमर वेगळे (इथरनेटवर मूळचे १० आणि ४० सेकंद), चुकून पॅसिव्ह केलेला इंटरफेस, दोघांचा राउटर आयडी एकच, ऑथेंटिकेशन न जुळणं, किंवा ‘नेटवर्क’ कमांडमधला चुकलेला वाइल्डकार्ड. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसेल तर नेबर दिसतो, पण ‘एक्सस्टार्ट’ अवस्थेत अडकून राहतो. प्रोसेस आयडी मात्र दोन्हीकडे सारखा असायची गरज नाही. पर्यायांत हा सापळा ठेवलेला असतो. राउटर आयडी बदलूनही जुनाच दिसत असेल तर ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ द्यावं लागतं. डीआरची (एका नेटवर्कवरच्या मुख्य राउटरची) निवड आधी प्रायॉरिटीवर, मग राउटर आयडीवर; आणि जास्त प्रायॉरिटीचा राउटर नंतर आला तरी बसलेल्या डीआरला उठवत नाही.

राउटिंग टेबल वाचणं हे वेगळं कौशल्य आहे. समजा टेबलमध्ये १०.१.०.०/१६ स्टॅटिक आहे, १०.१.१.०/२४ रिप या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलकडून आहे आणि १०.१.१.१२८/२६ ओएसपीएफकडून. पॅकेट १०.१.१.१३० ला जायचंय. स्टॅटिकचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १, सगळ्यांत कमी, म्हणून अनेक जण स्टॅटिक निवडतात आणि चुकतात. तिन्ही मार्ग या पत्त्याला लागू होतात आणि त्यांतला सगळ्यांत लांब प्रिफिक्स /२६ चा, म्हणून पॅकेट ओएसपीएफच्या मार्गाने जातं. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचा प्रश्न टेबलमध्ये शिरण्याआधीचा: तोच प्रिफिक्स, तोच मास्क दोन ठिकाणांहून कळला तर कोणाचं ऐकायचं, एवढंच ते ठरवतं.

ऑटोमेशनला घाबरून सोडून देणारे खूप आहेत. दहा टक्के गुण असे टाकू नयेत. इथे प्रोग्राम लिहायचा नसतो. जेसन (माहिती लिहायची एक ठरलेली पद्धत) वाचून किती ऑब्जेक्ट, कुठे ॲरे, कोणत्या ‘की’ची काय किंमत हे सांगता यावं. गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट या वेब-विनंत्यांपैकी कोण काय करतं ते पाठ असावं. अन्सिबल आणि टेराफॉर्म या ऑटोमेशनच्या साधनांचा स्वभाव कळावा. टेराफॉर्म १.१ आवृत्तीत आलं आणि पपेट, शेफ गेले. जुन्या नोट्स वापरत असाल तर इथे दुरुस्ती करा. नेटवर्क चालवताना एआय आणि मशीन लर्निंगचा होणारा उपयोग हाही याच आवृत्तीतला नवा मुद्दा. दोन शनिवार-रविवार पुरतात.

सराव परीक्षा आणि चुकांची वही

शेवटचे चार आठवडे दर आठवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा, १२० मिनिटं लावून, मागे न जाता. गुणांपेक्षा चुकांकडे बघा आणि वहीत प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण गोंधळ झाला, की प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्याला पुस्तक, दुसऱ्याला लॅब. तिसऱ्यासाठी इंग्रजी प्रश्नातला ‘नॉट’, ‘लीस्ट’, ‘चूज टू’ असा शब्द आधी हेरायची सवय लावावी लागते. तोच पेपर पुन्हा सोडवून ९५ टक्के आले तर ती तयारी नव्हे. उत्तराची जागा लक्षात राहिलेली असते.

डंपबद्दल (फुटलेल्या प्रश्नांच्या संचाबद्दल) स्पष्ट सांगायला हवं, कारण क्लासमधल्या ग्रुपवर ते उघड फिरतात. परीक्षा सुरू होण्याआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य करता. फुटलेले प्रश्न वापरणं हा त्याचा भंग आहे. सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. त्याहून मोठं नुकसान मुलाखतीत होतं. समोरचा माणूस ट्रंक का चालत नाही एवढंच विचारतो आणि दोन मिनिटांत सगळं उघडं पडतं.

नोंदणी: नावाची भानगड आधी मिटवा

सिस्कोचं खातं एकच ठेवा. दोन वेगवेगळ्या ईमेलवर दोन सर्टिफिकेशन आयडी झाले की निकाल भलत्याच खात्यात जातो आणि ते जोडून घेण्यात दिवस जातात.

आपल्याकडे खरी अडचण नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली दोन नावं एकत्र. लग्नानंतर एका कागदावर नवं आडनाव, दुसऱ्यावर माहेरचं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव ताडून पाहतात आणि जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, फीही जाते. जे ओळखपत्र नेणार ते समोर ठेवूनच फॉर्म भरा, स्पेलिंगसकट. ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ची अदलाबदल दिसली तर परीक्षेच्या बऱ्याच आधी दुरुस्त करून घ्या. दोन मूळ ओळखपत्रं न्या. पासपोर्ट आणि पॅन कार्ड ही जोडी चांगली, दोन्हीवर फोटो आणि सही असते. आधारवर सही नसते, तेव्हा एकट्या आधारवर विसंबू नका. फोटोकॉपी किंवा मोबाइलमधलं चित्र चालत नाही.

घरून की केंद्रावर? जवळ केंद्र असेल तर केंद्रच घ्या. घरून देताना खोलीचे फोटो पाठवावे लागतात, टेबल मोकळं लागतं, कोणी आत आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते आणि कच्च्या कामाला कागद-पेन मिळत नाही, स्क्रीनवरचा फळा वापरावा लागतो. माउसने त्यावर आठाचा पाढा लिहून बघा, मग कळेल. लहान गावात वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा लागतो. घरूनच द्यायची असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या, कंपनीचा लॅपटॉप टाळा (त्यातलं व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतं) आणि सिस्टिम टेस्ट त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच नेटवर करून बघा.

परीक्षेचा दिवस

केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा. मोबाइल, घड्याळ, पाकीट लॉकरमध्ये जातं. पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो. मार्कर लिहितो का ते बसण्याआधी तपासा. परीक्षा सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात पाटीवर दोन ओळी लिहा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ आणि खाली १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. वरची ब्लॉकची, खालची मास्कची. पुढे प्रत्येक सबनेटला डोकं वाचतं.

एकूण प्रश्न किती ते स्क्रीनवर दिसतं. त्यावरून लगेच भागाकार करा, लॅबला वेगळा वेळ राखून. उदाहरणादाखल ८० प्रश्न दिसले आणि त्यांत चार लॅब निघतील असं धरलं, तर लॅबला प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे ४०. उरलेल्या ८० मिनिटांत ७६ प्रश्न, प्रत्येकी मिनिटभर. दर अर्ध्या तासाला आपण कुठे आहोत ते बघा. दीड मिनिटात उत्तर सुचलं नाही तर चुकीचे वाटणारे पर्याय खोडा, उरलेल्यांतला एक निवडा आणि पुढे जा. मागचा प्रश्न मनात घेऊन बसलात तर पुढचे दोन जातात.

लॅब उघडली की आधी सगळी कामं वाचा, मग आकृती, मग कीबोर्ड. कोणत्या डब्यावर काम करायला सांगितलंय ते होस्टनेमवरून तपासा. बरोबर कमांड चुकीच्या स्विचवर टाकणं ही फार होणारी चूक आहे. कमांड पूर्ण आठवली नाही तर प्रश्नचिन्ह आणि टॅब वापरून बघा. प्रत्येक ‘शो’ कमांड तिथे चालेलच असं नाही, म्हणून तपासायचे दोन-तीन मार्ग ठाऊक हवेत. इंटरफेसवर ‘नो शटडाउन’ दिलंय ना? आणि ‘नेक्स्ट’च्या आधी प्रत्येक डब्यावर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. सूचनांत सेव्ह करा म्हटलेलं असतं आणि घाईत नेमकं तेच राहतं.

निकालानंतर

नापास झालात तर दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस थांबावं लागतं, मग पुन्हा देता येते, पूर्ण फी भरून. ते पाच दिवस संपताच धावू नका. निकालपत्रात भागवार टक्के असतात. ते भागाच्या वजनाशी गुणून बघा. ऑटोमेशनमध्ये ४० टक्के पडले तर एकूण गुणांतले ६ गेले. आयपी कनेक्टिव्हिटीत ६० पडले तर १० गेले. दिसायला ४० वाईट, पण दुरुस्ती कनेक्टिव्हिटीची आधी. त्याच संध्याकाळी कुठे अडखळलात ते विषयवार वहीत टिपा, प्रश्न मात्र उतरवू किंवा कोणाला सांगू नका. तीन-चार आठवडे त्या दोन-तीन भागांच्या लॅब करा आणि मग तारीख घ्या.

पास झालात तर सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. ते टिकवायला त्या काळात ३० कंटिन्यूइंग एज्युकेशन क्रेडिट जमवावे लागतात किंवा नियमात बसणारी दुसरी परीक्षा द्यावी लागते, उदाहरणार्थ सीसीएनपी या पुढच्या सर्टिफिकेटचा कोअर पेपर. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून पूर्ण पेपर. म्हणून मुदत संपायची तारीख आजच कॅलेंडरमध्ये घाला आणि तिच्या एक वर्ष आधीची आठवणही लावा.